तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्या उकाड्यात जर्सीच्या आत बनियन कशाला?

एप्रिल लागला की हा प्रश्न सुरू होतो. आमच्या सायकलच्या ग्रुपमध्ये नव्याने आलेल्या मुली विचारतात, नवी मुंबईतल्या पाम बीच रोडच्या सिग्नलला शेजारी येऊन थांबलेले अनोळखी सायकलवाले विचारतात, आणि जिन्यात सायकल उचलून नेताना खालच्या मजल्यावरच्या काकू तर दर उन्हाळ्यात विचारतात, "अगं, घामाने निथळतेयस आणि आत आणखी एक कपडा?"

तो जाळीचा बनियन स्वतः थंडावा देत नाही. पण तो आत असतो म्हणून मला जर्सीची झिप पार पोटापर्यंत उघडता येते, आणि थंडावा मिळतो तो त्यातून आत येणाऱ्या वाऱ्याने. बाकीचं सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

सायकल चालवताना आपण जी ताकद खर्च करतो, तिच्यातली जेमतेम पाव पॅडलपर्यंत पोहोचते. उरलेली उष्णता होऊन अंगात साठते. सपाट रस्त्यावर बरा वेग धरून पॅडलवर १५० वॉट लावत असू, तर अंगात ५०० वॉटच्या आसपास उष्णता तयार होत असते. बादलीत पाणी तापवायच्या रॉडच्या निम्मी म्हणा. ती बाहेर काढायला उन्हाळ्यात मुख्य भरवसा घामावर. एक लिटर घाम अंगावर पूर्ण वाळला तर साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. त्या हिशोबाने तासाला पाऊण लिटरच्या आसपास घाम वाळायला हवा. नुसता येऊन उपयोग नाही. कोपरावरून टपकलेला थेंब अंगातलं पाणी आणि मीठ तेवढं घेऊन जातो, उष्णता मागेच राहते.

इथेच आपल्या हवेचा प्रश्न येतो. नागपूरला मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो, पण हवा कोरडी, घाम आल्या आल्या उडतो. ठाण्यात पहाटे सहाला २७-२८ अंशच असतात, आकडा ऐकून कुणालाही बरं वाटेल. पण हवेत दमटपणा ८० टक्क्यांच्या पुढे. एका बाजूला खाडी, पलीकडे समुद्र, हवा आधीच वाफेने भरलेली. अशा हवेत घाम वाळवायचा तर अंगावरची ओलसर हवा सतत हलवत राहावी लागते. म्हणजे वारा हवा, आणि तो कातडीपर्यंत पोहोचायला हवा.

आता नुसती जर्सी घातली तर काय होतं बघा. माजिवड्याहून निघून घोडबंदर रोडने गायमुखपर्यंत पोहोचेस्तोवर जर्सी पाठीला आणि पोटाला चिकटते. चिकटलेल्या ओल्या कापडाखाली हवा फिरत नाही. घाम कापडात मुरतो आणि वाळलाच तर कापडाच्या बाहेरच्या अंगाने वाळतो. तिथे लागणारी उष्णता थोडी बाहेरच्या हवेतूनही घेतली जाते, सगळी आपल्या अंगातून जात नाही. आत सुती बनियन असेल तर आणखी अवघड. सूत पाणी पितं आणि धरून ठेवतं. ऑफिसच्या शर्टाखाली तो छान, कारण तिथे बेताचाच घाम टिपायचा असतो. सायकलवर अर्ध्या तासात तो पिळून काढावा लागेल.

माझा बनियन जाळीचा आहे. बिनबाह्यांचा, पॉलिएस्टरचा, पंख्याखाली टांगला तर हलत राहतो इतका हलका. समोर धरला की पलीकडची खिडकी दिसते. छिद्रं तीन-चार मिलिमीटरची, मधले धागे थोडे जाड, आणि सगळी गंमत त्या जाडीत आहे. जर्सी त्या धाग्यांवर टेकते. छिद्रांमध्ये कातडी मोकळी राहते आणि तिच्यावर हवेला वाट मिळते. राइडनंतर जर्सी काढून आरशात पाठ बघितली तर जाळीचे षटकोन कातडीवर उमटलेले असतात: कडा लालसर, मधले ठिपके साधे. कापड कुठे टेकलं होतं आणि कातडी कुठे उघडी होती, याचा तो नकाशाच.

असे जाळीचे बनियन आले थंड देशातून. नॉर्वेच्या सैन्यातल्या हेन्रिक ब्रुन या अधिकाऱ्याने १९३३ मध्ये मासेमारीच्या जाळ्यापासून पहिला बनवला. मला हे वाचून फार आनंद झाला होता, कारण बेलापूरच्या पुढे दिवाळे कोळीवाड्याकडे वळलं की वाळत घातलेली जाळी रोज दिसतात. पण थंडीत ऊब देणारा कपडा आपल्या उकाड्यात कसा चालतो? कारण ऊब देते ती छिद्रांत अडकलेली हवा. वरचा कपडा बंद ठेवला की ती हवा कोंडून राहते आणि अंग गरम राहतं. वरचा कपडा उघडला की तीच हवा निघून जाते आणि घाम वाळतो. म्हणून उकाड्यात हा बनियन घालून जर्सी गळ्यापर्यंत बंद ठेवली, तर काकूंचं म्हणणं शंभर टक्के बरोबर.

आणि आता बाईमाणूस म्हणून एक गोष्ट स्पष्ट बोलते. पुरुष चढावर झिप पूर्ण उघडतात, जर्सी दोन्ही बाजूंना फडफडते, कुणी वळून बघत नाही. आम्हाला ते जमत नाही. कळव्याच्या नाक्यावर किंवा वाशीच्या सिग्नलला जर्सी उघडी टाकून उभं राहायची हिंमत आमच्यातल्या फार थोड्यांना होते, आणि ज्यांना होते त्यांनाही नजरा सोसाव्या लागतात. मग झिप गळ्यापर्यंत बंद, आणि आत भट्टी. मला हे मनापासून खटकतं, कारण शरीर तेच, ऊन तेच, आणि वाऱ्याचा हक्क मात्र निम्मा. गडद रंगाचा बनियन आत असला की मी झिप खाली ओढते आणि मोकळी होते. पांढरी जर्सी घामाने भिजून अंग दिसेल ही धास्तीही जाते. ज्या मुलींनी मला विचारलं, त्यांना मी पहिलं हेच सांगते. कापडाचं शास्त्र नंतर. फक्त एक लक्षात ठेवा, स्पोर्ट्स ब्रा जाड अस्तराची असेल तर तिथला घाम तिथेच राहतो, वरून जाळी घालून त्यात फरक पडत नाही. ती आधी बदला.

ठाण्यातल्या येऊरच्या चढावर मात्र या बनियनची मर्यादा कळते. उपवन तलाव मागे पडला की रस्ता वर चढू लागतो, वेग आठ-नऊ किलोमीटरवर येतो आणि दोन्ही बाजूंच्या झाडीत वारा पडलेला असतो. झिप उघडी, जाळी आत, तरी घाम टपकतच राहतो, कारण हवाच हलत नाही. तिथे मी जाळीकडून कसलीही अपेक्षा ठेवत नाही. वेग कमी करते, बाटलीतलं थोडं पाणी मानेवर ओतते. उतरताना मात्र तो उपयोगी पडतो. ओली जर्सी थेट छातीला चिकटून वेगाने वारा लागला की मे महिन्यातही काटा येतो, जाळीवर ती अलग राहते.

आणि भर दुपारी कुठलाही बनियन उपयोगाचा नाही. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्याला आलेल्या लोकांपैकी काही जण उष्माघाताने दगावले. ती माणसं व्यायाम करत नव्हती, उन्हात तासन्‌तास बसली होती. आपण तर वर ५०० वॉटची भट्टी पेटवून फिरत असतो. डोकं दुखायला लागलं, मळमळलं, उन्हात अंगावर शहारे आले, सोबतीचं बोलणं असंबद्ध वाटलं, तर राइड तिथेच थांबवा. सावली, अंगावर पाणी, वारा घालणं, जर्सी-बनियन सगळं काढणं. आणि बोलण्यात गोंधळ दिसला तर पाणी घालता घालताच रिक्षा थांबवून दवाखाना गाठणं. एप्रिल-मेमध्ये आठच्या आत घरी यायचं, हा माझा नियम मी कुणासाठी मोडत नाही.

घेताना काय बघायचं, हेही विचारता. तोंडाजवळ धरून फुंकर मारा. पलीकडच्या हाताला फुंकर लागली पाहिजे. अंगाला घट्ट बसला पाहिजे, कारण सैल जाळी चुरगळते, आणि पाठीवर बिब शॉर्ट्सच्या (खांद्यावरून पट्टे येणाऱ्या सायकलच्या चड्डीच्या) पट्ट्याखाली तिची वळी झाली की दोन तासांनी तिथे कातडी सोलते. काखेतली शिवण बोटाने चाचपा. मेरिनो लोकरीचे बनियन वास धरत नाहीत हे खरं, पण पावसाळ्यात ते वाळता वाळत नाहीत. इथे मला पॉलिएस्टरच बरा वाटतो. महागडा परदेशीच हवा असं काही नाही, देशी जाळीचेही चांगले मिळतात. उन्हापासून बचाव मात्र जर्सीने होतो, जाळीने नाही, तेव्हा झिप उघडी ठेवणार असाल तर गळ्याखाली सनस्क्रीन लावा.

घरी आल्यावर तो तसाच पिशवीत ठेवू नका. आपल्याकडे घामोळ्या आणि नायटा दोन्हींना ओल्या कपड्यांचं निमित्त पुरतं. आंघोळीबरोबरच साध्या साबणाने धुऊन टाकायचा, कपडे मऊ करायचं ते सुगंधी द्रव्य अजिबात घालायचं नाही, त्याचा थर धाग्यावर बसतो आणि घाम पसरायचा थांबतो. पंख्याखाली रात्रीत वाळतो, जुलैमध्येसुद्धा.

अजूनही पटत नसेल तर विकत घेण्याआधी घालून बघा. माझ्याकडे मध्यम मापाचा एक जास्तीचा आहे, धुतलेला. पाम बीचला येणार असाल तर आदल्या रात्री कळवा, घेऊन येते. वाशीकडून बेलापूरला जाताना झिप बंद ठेवा, परतताना उघडा, आणि मग काय वाटलं ते मला सांगा.