नागपुरात बसून मुंबईची हवा मोजताना

एमएस्सीच्या प्रकल्पाला मॅडमनी विषय दिला तो किनाऱ्याचा: मुंबईवरच्या हवेचा सर्वांत खालचा थर ऋतूंप्रमाणे कसा बदलतो. मी नागपूरची, पण त्यासाठी मुंबई गाठायची गरज पडली नाही. सांताक्रूझहून हवामान खातं मोजणीची उपकरणं बांधून जे फुगे सोडतं, त्यांच्या नोंदी वायोमिंग विद्यापीठाच्या संकेतस्थळावर कुणालाही मिळतात. केंद्र क्रमांक 43003 टाकला की दाब, उंची, तापमान, दवबिंदू, वारा असे रकाने समोर येतात.

फुग्याच्या वेळा पहाटे 5:30 आणि संध्याकाळी 5:30. पहाटे जमीन निवालेली असते आणि थर तळाशी दबलेला, म्हणून मी संध्याकाळची नोंद धरली. मग प्रत्येक पातळीचं व्हर्च्युअल पोटेन्शियल टेम्परेचर काढायचं, म्हणजे उंचीप्रमाणे बदलणारा दाब आणि हवेतली वाफ हिशेबात धरून काढलेलं तापमान. ते जिथवर जवळपास सारखं, तिथवर हवा ढवळून एकजीव झालेली. जिथे एकदम चढतं, तिथे थराचं झाकण.

मे महिना सर्वांत स्पष्ट. शेजारी आपल्या नागपूरच्या सोनेगावची नोंद ठेवली. इथे 45 अंशांत भाजलेली जमीन हवेला तीन किलोमीटरच्याही वर ढवळते. मुंबईत त्याच संध्याकाळी समुद्रावरचा वारा तळाशी गार, दमट हवा ढकलत असतो आणि झाकण बरेचदा एक किलोमीटरच्या आतच. त्याच्या वर जमिनीकडची कोरडी हवा, त्यामुळे दवबिंदू थोड्याच उंचीत धाडकन उतरतो. ती रेघ मी मुद्दाम आलेखाच्या कागदावर पेन्सिलीने काढली. तिचा तो मोड पाहिला तेव्हा विषय खरा कळला.

जुलैने मात्र दमवलं. वरपर्यंत सगळीकडे ओल, झाकण सापडेचना. शिवाय साधारण दीड किलोमीटरवर तो जोरदार पश्चिमी झोत, जो जोसेफ आणि रामन यांनी 1966 मध्ये दाखवला. मॅडम म्हणाल्या, "जुलैला मेची पट्टी लावू नकोस." मग बल्क रिचर्डसन संख्या घेतली, म्हणजे हवा ढवळली जाईल की थरात स्थिर राहील हे सांगणारं गुणोत्तर, कारण तिच्यात तापमानाबरोबर वाऱ्याचाही हिशेब असतो. तरी ढगाळ दिवसांचे आकडे मला आजही पुरते पटत नाहीत. तक्त्यात ते वेगळ्या रंगात दिलेत.

जानेवारी त्या मानाने सरळ. फक्त तेव्हा पहाटेची नोंदही जरूर पाहा: जमिनीवरून समुद्राकडे जाणारा मंद वारा, त्यावर उबदार हवेचं झाकण, आणि शहराचा धूर त्याखाली कोंडलेला. हे काम करायचं असेल तर मेपासून सुरुवात करा, आणि जुलैच्या नोंदी उघडण्याआधी रिचर्डसन संख्या नीट शिकून घ्या.