बर्गेन: सेंट यॉर्गनचं इस्पितळ

बर्गेन, नॉर्वे. जून. रात्रीचे साडेदहा.

बाहेर अजून वाचता येईल एवढा उजेड आहे. लेक झोपली. उद्या दुपारच्या गाडीने ऑस्लोला परतायचं आहे, तिथे पोचलं की लिहायचं राहूनच जाईल, म्हणून आत्ताच बसले.

ब्रिग्गेन सकाळीच पाहिलं. बंदराच्या कडेने ओळीत उभी असलेली ती लाल, पिवळी, पांढरी लाकडी घरं. 1979पासून ती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. फोटो सगळे समोरून काढतात, पण शिरायला हवं ते मधल्या बोळांत. पायाखाली फळ्या, दोन्ही बाजूंना कललेल्या भिंती, आणि पावसाने भिजलेल्या जुन्या लाकडाचा वास. 1702च्या आगीत हा सगळा भाग जळाला आणि लोकांनी तो पुन्हा जुन्याच पद्धतीने उभा केला. चौदाव्या शतकापासून हान्सा संघाचे, म्हणजे उत्तर युरोपातल्या व्यापारी शहरांच्या संघाचे, जर्मन व्यापारी इथे ठाण मांडून होते. उत्तरेकडून येणारा सुका कॉड ते युरोपभर पाठवत आणि बदल्यात धान्य आणत. मीठ न लावता नुसता वाऱ्यावर, लाकडी मांडवांवर वाळवलेला हा मासा, आपल्या वसई-वर्सोव्याकडच्या बोंबलांसारखा. आगीच्या धास्तीने या घरांत शेकोटी पेटवायची सोय नव्हती. स्वयंपाक आणि शेकणं मागच्या वेगळ्या इमारतींत. इथल्या हिवाळ्यात, घरापासून इतक्या लांब, कामाला लावलेल्या त्या कोवळ्या पोरांनी कसे दिवस काढले असतील!

फ्लोयबानेनने डोंगरावरही जाऊन आलो. 1918पासून चालू असलेली ही फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने ओढली जाणारी डोंगरी गाडी, सुमारे 320 मीटर उंचीवर नेते. वर ढग होते, अर्धंच शहर दिसलं. मासळीबाजार महाग आहे. बघावा आणि पुढे जावं.

मला इथे यायचं होतं ते वेगळ्याच जागेसाठी. लेक म्हणाली, "आई, सुट्टीत इस्पितळ काय बघायचं?" पण आली बरोबर, आणि बाहेर पडताना माझ्यापेक्षा तीच जास्त गप्प होती.

सेंट यॉर्गनचं इस्पितळ रेल्वे स्टेशनपासून चालत जाण्यासारखं आहे. पंधराव्या शतकापासून इथे कुष्ठरोगी राहत. आत्ताच्या लाकडी इमारती 1702च्या आगीनंतरच्या. एकोणिसाव्या शतकात नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर हा रोग फार होता आणि बर्गेन त्याचं केंद्र. मधे लांबट दालन आणि त्याच्या दोन्ही अंगांना खोल्या. खोली म्हणजे काय, एक पलंग ठेवला की उभं राहायला जेमतेम जागा. तेवढ्यात दोघं दोघं राहत. उंबऱ्याचं लाकूड मधोमध झिजून खोलगट झालंय. मी हात लावून पाहिला. किती पायांनी झिजलं असेल, आणि त्यातल्या किती पायांना खालच्या लाकडाचा स्पर्श कळतही नसेल. शेजारी स्वयंपाकघर, लागूनच चर्च. 1816मध्ये इथल्याच पाद्र्याने, वेलहावेन यांनी, हे जिवंत माणसांचं कबरस्तान आहे असं लिहून ठेवलं.

आणि याच गावात 1873मध्ये डॉक्टर गेरहार्ड आर्माउअर हान्सेन यांना रुग्णांच्या गाठींत काड्यांसारखे जंतू दिसले. तोवर बहुतेक डॉक्टर हा रोग आनुवंशिक मानत. हान्सेन यांचे सासरे दानिएलसन हे तर कुष्ठरोगातले मोठे जाणकार, आणि त्यांचंही मत तेच. हान्सेन नुसते सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले नव्हते. नॉर्वेत 1856पासून कुष्ठरुग्णांची देशभर नोंद ठेवली जात होती. कोण, कुठला, कधीपासून आजारी. रोग माणसाकडून माणसाकडे जातो, हे ते या नोंदींवरूनही मांडत राहिले.

मी वर्ध्याची. वर्ध्याजवळच दत्तपूर, मनोहरजी दिवाणांनी 1936मध्ये सुरू केलेलं कुष्ठधाम. 'पूर्वजन्मीचं पाप', 'घराण्यातच आहे त्यांच्या', हे मी लहानपणी चांगल्या शिकल्यासवरल्या घरांत ऐकलंय. तेव्हा हान्सेनना जंतू दिसून शंभर वर्षं होत आली होती.

पण हान्सेन यांची दुसरीही बाजू आहे आणि ती सांगायलाच हवी. जंतू दिसला, तरी त्यानेच रोग होतो हे सिद्ध होईना. 1879मध्ये त्यांनी एका रुग्ण स्त्रीच्या डोळ्यात, तिला न विचारता, दुसऱ्या रुग्णाच्या गाठीतला अंश सुईने टोचला. प्रकरण कोर्टात गेलं. 1880मध्ये त्यांची इस्पितळातली जागा गेली, देशाचे मुख्य कुष्ठरोग अधिकारी मात्र ते राहिले. एका गरीब, आजारी बाईसाठी त्या काळी कोर्ट उभं राहिलं, याचं मला जंतूच्या शोधाइतकंच मोल वाटतं. आणि तिथे उभी असताना मला बाबा आमटे आठवत होते. त्यांनी प्रयोगासाठी कुष्ठाचे जंतू टोचून घेतले ते स्वतःच्या अंगात.

जंतू सापडला म्हणून इथल्या माणसांची सुटका मात्र झाली नाही. गुणकारी औषधं यायला 1940चं दशक उजाडावं लागलं. सेंट यॉर्गनमधले शेवटचे दोन रुग्ण 1946मध्ये वारले. पन्नासहून जास्त वर्षं ते इथेच होते. तीनच वर्षांनी बाबांनी महारोगी सेवा समिती स्थापन केली.

बर्गेनचं हे सगळं कुष्ठरोगाचं दप्तर जपून ठेवलेलं आहे. रजिस्टरं, पत्रं, डॉक्टरांच्या नोंदी. 2001मध्ये युनेस्कोने जागतिक स्मृतिनोंदवहीत, म्हणजे जगातल्या मोलाच्या दस्तऐवजांच्या यादीत, त्याचा समावेश केला. कुणाही साध्या कोळ्याचं, कुणब्याचं नाव त्यात सापडू शकतं, गावासकट. आपल्याकडे दत्तपूर, अमरावतीचं तपोवन, आनंदवन या ठिकाणी किती माणसं येऊन राहिली, बरी झाली, तिथेच संसार मांडून म्हातारी झाली. त्यांच्या नोंदीही अशाच जपल्या जायला हव्यात, आणि वर्ध्याच्या पोरांनी शाळेच्या सहलीत त्या पाहायला हव्यात. दिवाळीला माहेरी जाईन तेव्हा दत्तपूरला जाऊन जुन्या रजिस्टरांची चौकशी करणार आहे. लेकही येते म्हणाली.