टिपर गेला, ट्रेलर आला : आमची वाटचाल

गोव्यातल्या डिचोली-साखळीच्या खाणपट्ट्यात आमच्या वयाच्या कुणालाही विचारा, घरात नाहीतर शेजारी एक तरी टिपर, म्हणजे खनिज वाहणारा ट्रक, होताच. आमच्या बाबांचेही होते, खाणीवरून जेटीवर माल टाकायचे, हप्ते फिटत होते, बरं चाललेलं. २०१२ ला खाणी बंद पडल्या, मधे थोड्या सुरू झाल्या म्हणून लोकांनी परत नवे टायर घातले, बॅटऱ्या घेतल्या, आणि २०१८ च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टानं खाणींच्या ८८ लीज रद्द केल्यावर परत सगळं अंगणात उभं. बाबा म्हणाले आता लोखंड कुजवत बसायचं नाही. मिळेल त्या भावात टिपर काढले, त्यातून सेकंडहँड टाटा ४०७ ट्रक घेतली, आरटीओची परवानगी काढून तिच्यावर प्लॅटफॉर्म आणि गाडी वर ओढून घ्यायची विंच बसवली आणि गाड्या उचलायचं काम सुरू केलं. मी आणि धाकटा भाऊ गाडीवर, फोन आणि हिशेब बायकोकडे. बाबा अजून सकाळी येऊन ऑइल चेक करतात, कुणी सांगितलेलं नसतं.

पहिली काही वर्षं काम म्हणजे सरळ होतं. हायवेला बंद पडलेली गाडी, अपघाताची गाडी, नाहीतर मोरजी-आश्वेच्या वाळूत रुतलेली थार. किनाऱ्यावर गाडी घालायला बंदी आहे हे बोर्डावर लिहिलेलं असतं तरी काळ्या प्लेटवर पिवळ्या अक्षरांची भाड्याची गाडी मिळाली की माणसाला समुद्र जवळून बघायचा असतो, आणि भरती काही रेंटचा टाइम संपायची वाट बघत नाही. २०२३ मध्ये मोपा विमानतळ सुरू झाल्यावर पेडण्याच्या बाजूला भाड्याच्या गाड्या वाढल्या आणि आमचे फोनही त्या बाजूनं जास्त यायला लागले.

पण हळूहळू दुसरं गिऱ्हाईक पण यायला लागलं. आसगाव-साळगावात जुनी घरं घेऊन राहिलेले दिल्ली-मुंबईवाले, त्यांच्या जमिनीला टेकणाऱ्या स्पोर्ट्स कार, आणि आपले गोव्यातले म्हातारे आंकल लोक ज्यांनी पद्मिनी, काँटेसा, बीटल पोटच्या पोरासारख्या सांभाळल्यात. साळगावच्या एका आंकलनी पहिल्याच फोनवर सांगितलं, "म्हजे गाडयेक दोरी लावपाची ना हां". अशा गाड्या ४०७ वर चढवणं म्हणजे जिवाला घोर. ट्रकचा प्लॅटफॉर्म जमिनीपासून मीटरभर तरी वर, रॅम्प कितीही लांब केला तरी चढ उभाच राहतो, बंपर घासतो नाहीतर सायलेन्सर. ट्रेलरचा डेक त्याच्या निम्म्याच्या आसपास असतो, तिथं गाडी सरळ चढते. दुसरी गाडी घ्यायचीच होती तर दुसरा ट्रक न घेता पिकअप आणि ट्रेलर घेऊ असं त्यातूनच ठरलं, म्हणजे ट्रेलर सोडून ठेवला की पिकअप बाइक आणायला, स्पेअर पार्ट्स न्यायला, वाळूतली गाडी ओढायला मोकळी.

आता पिकअप कुठली. शोरूममधला पोरगा म्हणाला, साहेब काहीही ओढेल. त्याला विचारलं ओढण्याची क्षमता किती ती कागदावर दाखव, तर ब्रोशरमध्ये पेलोड, म्हणजे पाठीवर किती वजन घेईल ते, आहे, पॉवर आहे, टॉर्क आहे, तेवढा आकडाच नाही. परदेशात टोयोटाच्या हायलक्स पिकअपला ब्रेकवाला ट्रेलर असेल तर साडेतीन टन सांगतात, ते इथं यूट्यूबवर बघून लोक हवेत असतात, पण तिकडचा ट्रेलर, तिकडचे रस्ते आणि तिकडचे कायदे धरून तो आकडा आहे.

मग आम्ही आपला हिशेब मांडला. सगळ्यात जड म्हणजे थार, ती पावणेदोन टनाच्या आसपास. दोन ॲक्सलचा ट्रेलर रिकामा सहाशे-सातशे किलो. झाले अडीच टन. ट्रेलरचं जे वजन पुढे हिचवर, म्हणजे पिकअपला जोडायच्या सांध्यावर, बसतं ते एकूणच्या दहा ते पंधरा टक्के लागतं, म्हणजे अडीचशे ते पावणेचारशे किलो पिकअपच्या मागच्या ॲक्सलवर कायमचं, वर माणसं, विंच, जॅक, पट्टे. म्हणजे पेलोड कागदावर दीड टन दिसला तरी त्यातला बराच आधीच खर्च झालेला असतो हे कुणी सांगत नाही. शिवाय भरलेला ट्रेलर पिकअपपेक्षा जड नको हा आमच्या घरचा नियम, टिपरच्या दिवसांपासूनचा बाबांचा, कारण मागचं जड झालं की उतारावर कोण कुणाला नेतो ते सांगता येत नाही. त्यामुळं थार असेल तेव्हा पिकअपच्या हौद्यात आम्ही आमचं जड सामान मुद्दाम ठेवतो, आणि त्याहून जड फॉर्च्युनर वगैरे आली तर गुपचूप ४०७ वर.

बोलेरो पिकअप आधी डोक्यात होती कारण तिचे पार्ट गावागावात मिळतात. इसुझूची व्ही-क्रॉस चालवून बघितली, १६३ पीएस आणि ३६० न्यूटन मीटर, चालवायला मस्त, पण आम्हाला भाड्याच्या धंद्याची पिवळी प्लेट हवी होती आणि त्याच कंपनीची कमर्शियल एस-कॅब घ्यावी तर ती ७८ पीएसवर येते, चोर्ला घाटात मागे अडीच टन घेऊन ते जमणारं नव्हतं. शेवटी टाटा योद्धा फोर बाय फोर घेतली. २.२ लिटर, १०० एचपी, २५० न्यूटन मीटर. बसायला लॉरीच, एसीची चैन नाही. पण मागचं चाक ओढणारं आणि पाटा स्प्रिंग असल्यामुळं हिचचं वजन बरोबर ओढणाऱ्या चाकांवर पडतं, आणि पावसाळ्यात लाल मातीच्या चढावर चाक फिरायला लागलं तर फोर बाय फोर टाकता येतं.

आणि खरं सांगू का, पिकअपवर आम्ही जितकं डोकं खर्च केलं त्याच्या दुप्पट ट्रेलरवर करायला हवं असं मी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. ओढणारं मिळतं हो, थांबवणारं बघावं लागतं. कुंडईच्या वसाहतीतला एक ओळखीचा फॅब्रिकेटर म्हणाला आठ दिवसांत करून देतो, ॲक्सल जुन्या गाडीचा आहेच पडलेला. हात त्याचा चांगला आहे, पण कायद्यात ट्रेलर म्हणजे स्वतंत्र मोटार वाहन, त्याला स्वतःचं रजिस्ट्रेशन, स्वतःचा नंबर, स्वतःचा इन्शुरन्स, आणि एआरएआयसारख्या वाहनं तपासणाऱ्या संस्थेनं पास केलेलं मॉडेल नसेल तर आरटीओच्या खिडकीवरून फाईल परत. उद्या गिऱ्हाइकाची बीटल खाली पडली तर इन्शुरन्सवाला आधी तोच कागद मागणार. ओव्हरलोडला २०,००० रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० ते वेगळेच.

म्हणून मान्यतेचाच घेतला, दोन ॲक्सलचा. एका ॲक्सलचा स्वस्त पडतो, वळायला पण हलका, पण टायर फुटला की खेळ खलास. ब्रेक ओव्हररनचे आहेत, म्हणजे पिकअप हळू झाली की मागून ट्रेलर ढकलतो, त्या ढकलण्यानं हिचमधला रॉड आत जातो आणि ड्रममधले लायनर दाबले जातात, वेगळी वायर नाही काही नाही. सपाटीवर एकदम छान. घाटात मात्र उतारभर ट्रेलर ढकलतच राहतो म्हणून ब्रेकही लागलेलेच राहतात आणि ड्रम तापतो. बेळगावहून येताना चोर्ला उतरायच्या आधीच खालचा गिअर टाकायचा, आणि केरीला खाली आलं की थांबून ट्रेलरच्या चारी चाकांच्या मधल्या हबला हात लावून बघायचा. एक बाकीच्यांपेक्षा गरम लागला तर एक तर ब्रेक चिकटलाय नाहीतर बेअरिंग खराब होतंय. थर्मामीटरवाली गन पण आहे आमच्याकडे, भाऊ ती वापरतो, मी हातच लावतो.

फ्रेम गॅल्वनाइज्ड घेतली, पेंटवाली बघितलीच नाही. इथल्या खाऱ्या वाऱ्यात नळीच्या आतून गंज कधी लागतो ते बाहेरून दिसत नाही. डेकला चेकर प्लेट, म्हणजे नक्षीचा लोखंडी पत्रा, नको म्हटलं, पावसात ती साबण लावल्यागत होते, जाळीची पट्टी घेतली, पाणी आणि वाळू खाली पडून जाते.

हिचवर वजन किती पडतंय हे बघायला सुरुवातीला आम्ही शेजारच्या काजूवाल्याचा काटा आणायचो. ट्रेलर सपाट जागेवर उभा करून पुढचं छोटं चाक काट्यावर ठेवायचं, आकडा बघायचा, गाडी थोडी पुढे-मागे घ्यायची, परत बघायचा. काजूवाला विचारायचा आज गाडी किती किलो भरली. आता डेकवर रंगाच्या खुणाच केल्यात, स्विफ्टचं पुढचं चाक इथं, थारचं इथं, पद्मिनीचं इथं. नॅनो आणि बीटलचं इंजिन मागे असतं म्हणून त्या उलट्या चढवायच्या, नाहीतर वजन मागे जाऊन झुआरी पुलावरच्या वाऱ्यात ट्रेलर कुत्र्याच्या शेपटीसारखा हलायला लागतो. हललाच तर ब्रेक मारायचा नाही, ॲक्सिलरेटर सोडून स्टिअरिंग सरळ धरायचं, हे नवीन ड्रायव्हरला पहिल्या दिवशी सांगतो. ड्रायव्हर मिळणं मात्र आता थोडं सोपं झालंय, नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं ७,५०० किलोपर्यंतचं ट्रान्सपोर्ट वाहन एलएमव्ही, म्हणजे हलक्या वाहनाच्या, लायसन्सवर चालवता येतं हे पक्कं केलं आणि आमचा सगळा लवाजमा मिळून त्याच्या बराच आत आहे.

त्या साळगावच्या आंकलची पद्मिनी आता दर वर्षी आमच्याकडेच येते. पट्टे चेसिसला न लावता चाकांवरून घेतो, म्हणजे टायर डेकला घट्ट आणि गाडी आपल्या स्प्रिंगवर हलायला मोकळी, जुन्या पत्र्याला ओढ बसत नाही. थोडं अंतर गेल्यावर थांबून पट्ट्यांचे रॅचेट परत आवळतो, कारण पट्टे थोडे सैल होतातच. आंकल मागून स्कूटरवर येत असतात, सगळं बघत.

हल्ली इलेक्ट्रिक गाड्यांचे फोन वाढलेत. त्या चाकं जमिनीवर ठेवून ओढायच्या नसतात, चारी चाकं वर हवीत, तिथं ट्रेलर बरोबर बसतो, फक्त वजनाची खूण नवीन करावी लागते.

ट्रेलर सगळीकडे जात नाही हेही सांगून ठेवतो. वाड्यातल्या अरुंद वाटेवर रिव्हर्स घेणं भावालाच जमतं, तो नसेल तर वेळ लागेल. चोडणला मयेकडून रस्त्यानं येतो. दिवाडीला जायचं तर फेरीबोटच, आणि ओहोटीला तिच्या उतारावर ट्रेलरचं मागचं टोक घासतं, म्हणून तिथली गाडी असेल तर फोनवर आधीच सांगा, ४०७ पाठवू.