मोटरमनला विचारलंस का?

ठाण्याहून ऐरोलीला जाताना लोकल मधेच लाल सिग्नलला उभी राहिली की माझ्या डोक्यात हिशोब सुरू होतो. पुढची वाट मोकळी नाही हे जर दोन किलोमीटर आधी कळलं, तर गाडी सावकाश येईल, पण थांबणार नाही. थांबलेल्या गाडीला पुन्हा वेग घ्यायला वेळ लागतो, वीज लागते आणि तो उशीर मागच्या प्रत्येक गाडीच्या वाट्याला येतो. ऐरोलीच्या ऑफिसात आम्ही याच प्रश्नावर काम करतो, फक्त युरोपातल्या एका मार्गासाठी.

जुलैतल्या त्या गुरुवारी आमच्या दोन यंत्रणा पहिल्यांदा एकमेकींना जोडायच्या होत्या. एक ट्रॅफिक मॅनेजमेंट, म्हणजे कोणती गाडी कुठल्या जंक्शनला किती वाजता हे ठरवणारी. दुसरी एटीओ, प्रत्यक्ष गाडी हाकणारी. ट्रॅफिकने ठरवलेल्या वेळांचं 'जर्नी प्रोफाइल' बनतं आणि रेडिओवरून गाडीत जातं. सुरक्षिततेचा भार ईटीसीएसवर, म्हणजे युरोपातल्या सिग्नल आणि गाडी-नियंत्रणाच्या यंत्रणेवर असतो. तिने परवानगी दिली नाही तर या दोघींपैकी कुणाचंच चालत नाही. एटीओ आणि ईटीसीएसची ही जोडी लंडनच्या थेम्सलिंकवर २०१८ पासून प्रवासी घेऊन धावते आहे. मधल्या भागात तासाला २४ गाड्या काढता याव्यात म्हणून ती तिथे बसवली. ड्रायव्हर केबिनमध्ये असतोच. दारं आणि समोरचा रूळ त्याच्याकडे, वेग आणि ब्रेक यंत्राकडे.

चाचणी सोपी होती. जंक्शनवर एक मालगाडी आडवी जाणार, म्हणून आमच्या गाडीने तिथे ९० सेकंद उशिरा पोचायचं. नवी वेळ गेली, गाडीने मोटर बंद केल्या आणि कोस्टिंग, म्हणजे आधीच्या वेगावरच नुसतं सरकत जाणं, सुरू केलं. १४० वरून १२०. स्क्रीनवर ते बघताना मला खरंच भरून आलं. दोन वर्षं याच क्षणासाठी घालवली होती.

मग वेग ९५ झाला. मग ७०. मालगाडी जंक्शन सोडून गेली, पुढची वाट मोकळी झाली, तरी आमची गाडी ४० वर रांगत होती आणि मागे दोन गाड्या तुंबल्या होत्या.

लॉग उघडले. गाडी म्हणत होती, मी अगदी वेळेवर आहे. ट्रॅफिक म्हणत होती, कुठेही टक्कर नाही, आराखडा बिनचूक. दोघींचं म्हणणं खरं होतं. आम्ही तीन तास घालवले. रेडिओचा विलंब तपासला, घड्याळं जुळवली, चढ-उतारांची माहिती पुन्हा वाचली. जेवायला कुणीच उठलं नाही.

आमच्याकडे सल्लागार म्हणून एक निवृत्त सेक्शन कंट्रोलर येतात. राहायला नौपाड्यात, आम्ही सगळे त्यांना काकाच म्हणतो. कागदाच्या चार्टवर पेन्सिलने गाड्या ओढण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. एका बाजूला स्टेशनं, दुसऱ्या बाजूला वेळ, आणि प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरकी रेघ. ते सायंकाळी चारला आले, एक कोरा कागद मागितला आणि माझ्याकडून दर तीस सेकंदांची नोंद वाचून घेत रेघ ओढली. सरळ असायला हवी ती रेघ आडवी आडवी होत वाकत गेली होती.

"अगं, ही गाडी कधी पोचणार हे तुमच्या ट्रॅफिकला कोण सांगतं?"

"ती स्वतःच अंदाज काढते काका. आत्ताच्या वेगावरून."

"मोटरमनला विचारलंस का?"

मी काही बोललेच नाही, कारण उत्तर त्या प्रश्नातच होतं. गाडी मुद्दाम मंद झाली होती. आता सैल सोडायचं आणि शेवटी थोडा वेग घेऊन वेळ गाठायची, असा तिचा बेत होता. ट्रॅफिकला तो बेत माहीतच नव्हता. तिला फक्त मंद वेग दिसला. "ही आणखी २५ सेकंद उशिरा येणार" असं ठरवून तिने वेळ पुढे ढकलली. गाडीला वाटलं, आता आणखी सवड मिळाली, म्हणून ती अजून मंद झाली. मग पुन्हा अंदाज, पुन्हा नवी वेळ. आज्ञाधारकपणे, दर तीस सेकंदांनी.

मला सगळ्यात जास्त लागलं ते पुढचंच. गाडी दर वेळी पाठवत असलेल्या अहवालात तिचा स्वतःचा पोचण्याचा अंदाज होता. तो रकाना आम्हीच वाचायचा सोडून दिला होता, "तूर्त गरज नाही" असा शेरा मारून. शेरा माझ्या हातचा होता.

दुरुस्ती तासाभरात झाली. आधी गाडीचा अंदाज घ्यायचा, तो नसेल तरच वेगावरून काढायचा, आणि किरकोळ फरकासाठी वेळ बदलायचीच नाही. साडेसातला पुन्हा गाडी सोडली. १४०, १२०, ११०, मग जंक्शनच्या अलीकडे हलकेच १२५. दिलेल्या वेळेपेक्षा दोन सेकंद आधी, कुठेही न थांबता. काकांनी नवी रेघ जुन्या रेघेशेजारी ओढली आणि दोन्हींकडे बराच वेळ बघत राहिले.

मग पेन्सिल ठेवून म्हणाले, "पावसात चाक घसरलं, तर गाडीचा अंदाजसुद्धा चुकेल. ते उद्या बघूया?"

शुक्रवारची पहिली चाचणी मी तीच लावली.