आमची वाटचाल : पीळ मोजणारं दुकान

२००९ मध्ये डेट्रॉइटला नोकरी जाणं ही काही बातमी नव्हती. जनरल मोटर्स आणि क्रायस्लर त्याच वर्षी दिवाळखोरीत गेल्या; तिथं सांगलीहून आलेल्या माझ्यासारख्या शाफ्टवाल्याला, म्हणजे गाडीचं चाक फिरवणारे दांडे बनवणाऱ्याला, कोण विचारतो? बंद पडलेल्या कारखान्याच्या लिलावात जुना लेथ आणि दाते पाडायचं हॉबिंग मशीन भंगाराच्या भावात घेतलं. बायको म्हणाली, "त्यापेक्षा पिठाची गिरणी घेतली असतीस."

मिशिगनच्या उन्हाळ्यात ड्रॅग रेसिंगचं भारी वेड. पाव मैल सरळ रस्ता, दोन गाड्या, निकाल सेकंदांत. घाटातला बैलगाडाच म्हणा, फक्त बैल पेट्रोल पितात.

पहिलं गिऱ्हाईक फॉक्स-बॉडी मस्टँगवाला, म्हणजे फोर्डच्या जुन्या स्पोर्ट्स गाडीचा मालक. मागच्या चाकांना फोर्डचा ८.८ इंची ॲक्सल, २८ स्प्लाइनचा, म्हणजे शाफ्टच्या टोकाला २८ दाते. मी हॉर्सपॉवर विचारली, तो "पाचशे" म्हणाला. मूळ मापाचेच, पण ४३४० जातीच्या मिश्र पोलादाचे दोन शाफ्ट करून दिले. महिनाभर ठीक चाललं. मग त्यानं रेसिंगचे स्लिक, म्हणजे बिननक्षीचे, जमीन घट्ट धरणारे टायर चढवले आणि सुटतानाच डावा शाफ्ट तुटला. या ॲक्सलमध्ये शाफ्टला आतल्या टोकाची सी-क्लिपच, म्हणजे C आकाराची छोटी कडी, धरून ठेवते, त्यामुळे शाफ्ट तुटला की बाहेरचा तुकडा चाकासकट निघतो. चाक एकटंच पुढं गेलं. कुणाला लागलं नाही, हे नशीब. अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंगची संघटना एनएचआरए, तिच्या नियमात पाव मैलाला १०.९९ सेकंद किंवा त्याहून वेगवान गाडीला शाफ्ट बाहेरून धरणारी वेगळी सोय सक्तीची आहे. याची गाडी त्याहून हळू होती, म्हणून नियम मोडला नव्हता. चूक माझी. शाफ्टचे पैसे परत केले, वर नवी जोडी दिली.

तेव्हापासून हॉर्सपॉवर शेवटी विचारतो. आधी टायर कोणता, गाडीचं वजन किती, गिअरबॉक्स कुठला. टर्बो ४०० या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या पहिल्या गिअरचं गुणोत्तर २.४८, मागच्या ॲक्सलचं ४.१०, म्हणजे इंजिनाचा पीळ (टॉर्क) चाकांपाशी दहापट होतो. सुटताना इंजिन आणि गिअरबॉक्समधला टॉर्क कन्व्हर्टर त्यात आणखी भर घालतो. टायर घसरला तर हा पीळ वाया जातो आणि शाफ्ट वाचतो. टायरनं जमीन धरली की सगळा भार शाफ्टवर.

यावर उपाय जाडीचा. शाफ्टची ताकद व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते. ३१ स्प्लाइनचा साधारण १.३१ इंची, ३५ चा दीड इंची. फरक बोटभरही नाही, ताकद मात्र दीडपट. उलट मधोमध निम्म्या व्यासाचं भोक पाडलं तर तेवढ्या भागाचं पाव वजन जातं, ताकद जेमतेम सहा टक्के. हे गिऱ्हाइकाला पटवायला मला हमखास अर्धा तास लागतो.

पोलादावरून वाद कायमचा. रोज रस्त्यावर धावणाऱ्या गाडीला मी १५४१ जातीचं पोलाद देतो, इंडक्शननं (विजेच्या कॉइलनं तापवून) वरवर पाणी दिलेलं : कातडी कडक, गाभा चिवट. सी-क्लिपच्या ॲक्सलमध्ये बेअरिंगचे रोलर थेट शाफ्टवरच फिरतात, तिथं अशी कातडी हवीच. निव्वळ शर्यतीच्या गाडीला गाभ्यापर्यंत पाणी दिलेला ४३४०. महागडंच हवं म्हणून अडून बसणारी मंडळी येतात. त्यांच्याशी भांडून दोन-चार ऑर्डरी घालवल्यात.

शाफ्ट देताना लांबीभर पांढऱ्या रंगाची सरळ रेघ ओढून देतो. हंगाम संपला की लोक शाफ्ट काढून आणतात. रेघ सरळ असली तर तपासून परत. दोरीसारखी वळली असली तर भंगारात, मग मालक कितीही म्हणो की अजून एक वर्ष निघेल. यंदा नऊ जोड्या आल्या. तीन रेघा वळलेल्या होत्या, त्यातली एक त्या मस्टँगवाल्याची.