नाटकातली बाटली काढा जी

मी झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या आमच्या धानाच्या पट्ट्यात, नाटकं लिहितो. दिवाळी झाली, धान घरात आला की गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या नाटक कंपन्यांचा सीझन लागतो तो पार होळीपर्यंत, रात्री पडदा उघडला की पहाटेच पडतो. मर्डर असला की तिकीट खपते हे कोणत्याही गावचं मंडळ सांगेल. आणि मर्डर मी पेपरातूनच उचलतो, खोटं कशाला बोलू. धुऱ्याचा म्हणजे शेताच्या बांधाचा वाद, सातबाऱ्यावरचं नाव, काका-पुतण्याची कुऱ्हाड, एवढ्यावर रात्र निघते. अगाथा ख्रिस्तीनं तरी वेगळं काय केलं, १९३२ मध्ये अमेरिकेत लिंडबर्ग वैमानिकाचं लहान पोर खंडणीसाठी पळवून मारलं आणि १९३४ मध्ये तिची ओरिएंट एक्सप्रेसवाली कादंबरी आली, तिच्यात तसंच पळवलेलं पोर, तशीच खंडणी, नावं फक्त दुसरी.

तर त्या दिवशी संध्याकाळी मंडप बांधणं चालू होतं, कलाकार रंगपटात तोंडाला रंग लावत होते, तेवढ्यात एक बाई आली. साधारण पन्नाशीची, सोबत पोरगा. "लेखक तुमीच का जी? माह्या भावाले मारते म्हणे तुमच्या नाटकात." मी नेहमीचं सांगितलं, बाई नाव बदललं, गाव बदललं, सारं काल्पनिक आहे. ती म्हणे, "तं मंग धुऱ्यावरचं मोहाचं झाड कायले ठेवलं?"

आता काय बोलता. झाड खरंच होतं, बातमीत होतं, भांडण त्याच्याच मोहफुलावरून पेटलं होतं.

मला वाटलं खेळ बंद पाडते. पण नाही. "मारा त्याले, मेलाच हाय तो. पण पेलेला नोका दाखवू. तो पेत नोता."

इथे अडचण झाली. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, पण दारुड्याशिवाय झाडीपट्टीचं नाटक कोणी पाहिलंय का? मेलेल्या माणसाचा रोल आमच्या कॉमेडीवाल्याकडे, त्याचे सारे लाफ्टर बाटलीवर. मालक म्हणे ऐनवेळी बदल नको. मला मात्र त्या लिंडबर्ग केसमधली मोलकरीण आठवत होती, लिंडबर्गच्या सासुरवाडीची, पोलिसांनी संशयानं पिडलं म्हणून विष घेतलं बिचारीनं आणि नंतर निर्दोष निघाली. कादंबरीतही एक निर्दोष मोलकरीण जीव देते. म्हणजे पोराचं सोडा, तीसुद्धा उचललीच. तिच्या घरच्यांनी ते वाचलं असेल तर कुठे जाऊन सांगितलं असेल, ही बाई तरी रंगपटापर्यंत आली.

आमच्याकडे वहीतून डायलॉग सांगणारा प्रॉम्प्टर असतो म्हणून सारं जमलं. दोघांनी बसून त्याच्या वहीतले दारूचे डायलॉग खोडले आणि बाटली मारणाऱ्या पुतण्याच्या हातात दिली. आणि खरं सांगू, दुसऱ्या अंकात सीन असा काही चढला की विचारू नका, कारण शुद्धीतला माणूस हात जोडून "झाड तुलेच ठेव बाबू" म्हणतो आणि समोरचा पिऊन हसतो. पहिले दारुडा मरायचा तेव्हा पोरं शिट्या मारायची. त्या रात्री मागून एक म्हातारा ओरडला, "पकडा ना रे त्याले!"

बाई शेवटपर्यंत बसली होती की उठून गेली ते मला दिसलं नाही, मी विंगेत होतो. पुढच्या गावच्या मंडळानं तीच नवी वही मागितली. कॉमेडीवाला मात्र अजून बोलत नाही माझ्याशी, पुढच्या सीझनला त्याला अख्खा दारुडा लिहून पाहिजे, आणि तो मरायला नाही पाहिजे म्हणतो.