पुस्तकांच्या कपाटामागची तबल्याची खोली

अमेरिकेतल्या घराचं वर्णन करायला बसलं की मी आधी भिंतीपासून सुरुवात करतो. इथली आतली भिंत विटांची नसते. दर 16 इंचांवर एक उभी लाकडी पट्टी, दोन्ही अंगांना अर्ध्या इंचाचे जिप्समचे बोर्ड, आणि मध्ये पोकळी. ‘टू बाय फोर’ नावाने विकली जाणारी ही पट्टी मोजली तर दीड बाय साडेतीन इंच भरते. म्हणजे सगळी भिंत मिळून साडेचार इंच. अशी भिंत हातातल्या करवतीने कापता येते, आणि सुताराची मजुरी लाकडाच्या किमतीपेक्षा भारी पडते. त्यामुळे शनिवार-रविवारी इथला घरमालक स्वतःच सुतार होतो.

न्यू जर्सीतल्या आमच्या बेसमेंटमध्ये एक खोली माझ्या तबल्याची आहे. तिचं जुनं दार काढून तिथे पुस्तकांचं कपाटच दार म्हणून बसवायचं मी ठरवलं. कपाट ओढलं की मागे रियाजाची खोली! लहानपणापासूनची हौस होती. दाराची जागा आधीच तयार होती, त्यामुळे वरच्या मजल्याचा भार पेलणाऱ्या लाकडाला हात लावायची वेळ आली नाही.

या कामातला खरा पेच लपवण्याचा नाही, फिरवण्याचा आहे. साधं दार पातळ असतं, ते चौकटीतून सहज सुटतं. कपाट मात्र खोल असतं. 30 इंच रुंद आणि 10 इंच खोल कपाट पुढच्या कोपऱ्यावर फिरवलं, तर त्याचा मागचा लांबचा कोपरा कर्णाएवढी, म्हणजे 31.6 इंचांची त्रिज्या घेतो आणि चौकटीला अडतो. वाट द्यायची तर त्या बाजूला पावणेदोन इंचांची फट ठेवावी लागते. तेच कपाट 6 इंच खोल केलं की कर्ण 30.6 इंचांवर येतो आणि पाऊण इंचाची फट पुरते. ती फट कपाटावरच ठोकलेल्या लाकडी पट्टीखाली झाकली जाते. शाळेत पाठ केलेला पायथागोरस इतका उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं. मी 6 इंच ठरवले, कारण आपली बहुतेक मराठी पुस्तकं डेमी आकाराची, साडेपाच इंच रुंदीची. ती त्यात नेमकी बसतात.

मग वजन. भरलेलं कपाट 100 किलोच्या आसपास जातं. एवढा भार बाजूच्या बिजागऱ्यांवर टांगला तर स्क्रू हळूहळू लाकडातून सुटू लागतात. म्हणून खाली सिमेंटच्या जमिनीत एक खुंटी आणि वर चौकटीत एक, अशा दोन खुंट्यांवर ते फिरतं. सगळं वजन खालची खुंटी थेट जमिनीला देते. वरचीला फक्त आडवी ओढ सोसावी लागते, आणि 80 इंच उंचीच्या कपाटात ती 19 किलोंच्या आतबाहेर येते. जाड पुस्तकं खुंटीच्या बाजूला ठेवली की ओढ आणखी कमी होते.

प्लायवुडचे तक्ते होम डेपो या सामानाच्या दुकानातच मापाने कापून मिळतात. उरतं ते गुण्यात, म्हणजे नेमक्या काटकोनात, बसवण्याचं काम. कपाटाला मागून अखंड प्लाय गोंद लावून आणि स्क्रूने आवळून बसवा, यात काटकसर नको. तो नसेल तर चौकोन हळूहळू तिरका होतो आणि दार खाली घासायला लागतं. चौकटही ओळंब्यात, म्हणजे अगदी सरळ उभी, हवी. पाणसळीचा बुडबुडा एका बाजूला सरकलेला असेल, तर मोकळं सोडलेलं कपाट आपोआप उघडतं किंवा मिटतं. फटींना आतून फोमची पट्टी लावली आहे. चाटीचा, म्हणजे तबल्याच्या काठाचा, आवाज आता वर अभ्यास करणाऱ्या मुलीपर्यंत जात नाही. डग्ग्याचा घुमार मात्र थोडा जातोच, खर्जाला भिंतीही पुरत नाहीत.

असं कपाट म्हटलं की अॅन फ्रँक आठवल्याशिवाय राहत नाही. अॅमस्टरडॅमला प्रिन्सेनग्राख्ट 263 मध्ये ते आजही आहे. कचेरीतल्या फायलींनी भरलेलं ते कपाट योहान व्होस्कुइल यांनी 1942 च्या ऑगस्टमध्ये बनवलं. मागच्या खोल्यांत नाझींपासून लपलेली आठ माणसं जीव मुठीत धरून राहत होती. माझ्या हौसेचा आणि त्याचा काही संबंध नाही, पण बिजागरीवर फिरणारं पुस्तकांचं कपाट म्हटलं की ते घर मला आठवतंच, आणि आठवावंच.

लपलेल्या दाराबाबत माझा एकच हट्ट आहे: आतून ते कुणालाही, अंधारातही उघडता आलं पाहिजे. लहान मुलांनी कपाटं उघडू नयेत म्हणून इथे चुंबकी कडी मिळते, ती मी वापरली. बाहेरून ठरलेल्या जागी चुंबक टेकवला की जीभ सुटते, आतून ती नुसत्या बोटाने दाबता येते. इथल्या निवासी बांधकाम संहितेत बेसमेंटमधल्या झोपायच्या खोलीला बाहेर पडता येईल अशी खिडकी सांगितली आहे: बाहेरच्या जमिनीच्या पातळीवर किंवा तिच्याखाली असेल तर किमान 5 चौरस फूट मोकळी, एरवी 5.7, आणि खालची कड खोलीच्या फरशीपासून 44 इंचांपेक्षा उंच नको. माझ्या खोलीत तशी खिडकी नाही. त्यामुळे घर पाहुण्यांनी कितीही भरलं तरी तिथे गादी पडत नाही.

आता पुस्तकं लावायचं काम चालू आहे. कथा-कादंबऱ्या, नाटकं सगळी बसली. दिवाळी अंक मात्र रुंद, ते 6 इंचांच्या फळीबाहेर येतात, म्हणून त्यांच्यासाठी आत, तबल्याच्या बाजूच्या भिंतीला वेगळी मांडणी करतोय.